अमेरिकनाला सांगितलेलं एकच खरं

मी थापा मारतो, असं आमच्या घरात म्हणतात. मी त्याला गोष्ट नीट सांगणं म्हणतो. जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं तर त्याला माणूस कशाला लागतो, सीसीटीव्ही पुरतो. एकदा अल ऐनच्या रस्त्यावर मला उंट आडवा आला. घरी पोचेपर्यंत त्याचे तीन झाले, आणि पानं वाढेपर्यंत त्यातल्या एकाने खिडकीतून मान आत घालून माझा डबा संपवला होता.

"मग भाजी तशीच परत कशी आली?" बायकोने विचारलं.

"दुधी होता. उंटाने तोंड लावून सोडला."

अशा माणसाने आयुष्यात एकदा, एकाच माणसाला, एक गोष्ट मीठमसाला न लावता सांगितली. आणि नेमकी तीच चव्हाट्यावर गेली. माझ्या थापांना आजवर कुणी हात लावला नाही. दार उघडं टाकून झोपलो तरी त्या जागच्या जागी असतात. चोरीला गेलं ते घरातलं एकुलतं एक खरं.

तो माणूस अमेरिकन. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आमचा धंदा नुकसानीचा. म्हणजे जहाजातून आलेला माल भिजला, सडला, फुटला, की तो नक्की किती भिजला, सडला, फुटला हे बंदरावर जाऊन बघायचं आणि विमेवाल्यांना कळवायचं. मला या धंद्यात ठेवलं कसं, असं ओळखीचे लोक विचारतात. पण ऑफिसात मी अत्यंत खरा माणूस आहे. निम्मा माल खराब तर निम्माच लिहितो. दिवसभर तोंडाला आवर घालून जी वाफ साचते ती संध्याकाळी घरी सोडतो, इतकंच.

आमचा साहेब इंग्रज. त्याच्यामुळेच माझी आणि अमेरिकनाची दोस्ती झाली. इंग्रज माणूस 'नाही' म्हणत नाही. तुम्ही एखादी सूचना केली की तो खिडकीबाहेर बघतो आणि "हाऊ इंटरेस्टिंग" म्हणतो. मी वर्षभर समजत होतो की साहेबाला माझ्या प्रत्येक सूचनेत फार रस आहे. शेवटी अमेरिकनाने मला कॉफी मशीनपाशी गाठून खुलासा केला. 'इंटरेस्टिंग' म्हणजे 'नाही'. 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणजे 'पुन्हा तोंड उघडू नकोस'. आणि 'विथ रिस्पेक्ट' असं म्हणाला, तर हबीबी, तू नवीन नोकरी बघ.

"आपण दोघं एकाच घरातून बाहेर पडलेली माणसं," तो म्हणाला. "आम्ही चहा समुद्रात फेकून निघालो."

"आम्ही चहा ठेवून घेतला," मी म्हणालो, "आणि त्यांना बोटीत बसवलं."

त्या दिवसापासून इंग्रजांना हसणं हे आमचं जेवणानंतरचं पान झालं. दोघांनीही इंग्लंड आधी पुस्तकांत पाहिलं होतं. तो अमेरिकेत अशा ठिकाणी वाढला की जिथे क्षितिजापर्यंत मका आणि क्षितिजानंतरही मकाच. मी सांगलीतला. आमच्या गल्लीच्या वाचनालयात इंग्रजी कादंबऱ्यांचं एक कपाट होतं आणि त्यातल्या बहुतेक रहस्यकथांचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं असायचं. त्यामुळे कितीतरी खुनांचा तपास माझ्या बाजूने अजून चालू आहे. त्या पुस्तकांतले इंग्रज सारखे खात असत. स्कोन नावाचा एक पदार्थ तर दर प्रकरणात. मी मनातल्या मनात त्याला तुपात सोडला होता, वर पिठीसाखर भुरभुरवली होती, आणि चिरोट्याच्या वरच्या पायरीवर नेऊन बसवला होता. प्रत्यक्ष इंग्लंडात तो ताटलीत आला तेव्हा कळलं की खारी आणि पाव यांचं भांडण होऊन दोघांनी अर्ध्यावर सोडून दिलेली ती वस्तू आहे.

मी या गोष्टी सांगायचो आणि अमेरिकन टेबलावर हात आपटून हसायचा. इंग्लंडातल्या हॉटेलात गरम पाण्याचा नळ वेगळा, थंडचा वेगळा, दोन टोकांना. एका हाताने भाजायचं, दुसऱ्याने गोठायचं आणि सरासरी काढून समाधान मानायचं. त्याच्याकडेही माल होता. लंडनमध्ये जन्मभराचं स्वप्न म्हणून तो एका जुन्या पुस्तकाच्या दुकानात शिरला तर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कॅनडाचे का?" हेही बहुतेक वाढवलेलं असणार, पण मी कशाला चौकशी करतो. एकमेकांची वजनं तपासायची नाहीत, हा आमच्या जातीचा अलिखित नियम आहे.

आता सासूबाई.

माझ्या सासूबाई कऱ्हाडजवळच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवत होत्या. पत्र्याचं छप्पर, पावसाळ्यात फळ्यावर खडू उठत नाही, आणि समोर अशी मुलं की ज्यांना घरी परत जाऊन शेण उचलायचंय. त्या मुलांकडून सासूबाई अदबशीर इंग्रजी वाक्यं घोकून घेत. आत येऊ का, इथे बसू का, आपली हरकत नसेल तर. आजही कऱ्हाड एसटी स्टँडवर एखादा मिशाळ कंडक्टर त्यांना बघून "गुड आफ्टरनून, बाई" म्हणतो. त्यांनी स्वतः इंग्रज माणूस बोलताना कधी पाहिला नव्हता. धड्यांत पाहिला होता, कवितांत पाहिला होता. इंग्लंडला जायचं ही त्यांनी कधी कुणाजवळ न बोललेली इच्छा होती. आम्हाला ती कशी कळली तर पोरीच्या भूगोलाच्या पुस्तकात तो नकाशा आला की त्या चष्मा पुसायच्या.

म्हणून आम्ही त्यांना घेऊन गेलो. मी, बायको, मुलगी आणि सुती साडी, स्वेटर, कानटोपी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज अशा सासूबाई. लंडनमध्ये त्या गप्पच होत्या. "हे शहर आहे," म्हणाल्या, "शहरं सगळीकडे सारखीच." मग एका दुपारी आम्ही ट्रेनने एका लहान गावात गेलो. दगडी घरं, वेली, चर्च, हुबेहूब धड्यातलं चित्र. तिथे चहाचं एक चिमुकलं दुकान. आत एकच टेबल रिकामं, त्याला तीनच खुर्च्या. शेजारच्या टेबलावर एक म्हातारी इंग्रज बाई एकटी बसली होती आणि तिच्यासमोरची खुर्ची मोकळी होती.

"तुम्ही बसा," सासूबाई म्हणाल्या. "मी तिथे विचारते."

त्यांनी कानटोपी काढली. पदर नीट केला. आणि आयुष्यभर हजारो मुलांकडून म्हणून घेतलेलं वाक्य त्या पहिल्यांदा अशा ठिकाणी बोलल्या, जिथे ते खरोखर बोलायचं असतं. "मॅडम, मे आय हॅव द प्लेझर ऑफ सिटिंग हिअर?"

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. मग तिने मान वळवली आणि वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "व्हॉट डज शी वॉन्ट?" हिला काय हवंय?

बस, एवढंच. मी खुर्ची देऊ केली, स्वतः उभा राहिलो, चहा प्यायलो, निघालो. त्यानंतर इंग्लंडात असेपर्यंत सासूबाई इंग्रजीचा एक शब्द बोलल्या नाहीत. दुकानात सुटे पैसे परत मिळाले तर हात जोडत. बसमध्ये कुणी जागा दिली तर हात जोडत. इंग्रजी शिकवणारी बाई इंग्लंडात मुकी झाली.

आणि ते मला सहन होईना. परतीच्या ट्रेनमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि समोर पोरगी कंटाळून बसली होती. मी पोरीला म्हणालो, "आज आजीने काय केलं ते पाहिलंस का?" आणि सुरू झालो. ती म्हातारी म्हणजे साधीसुधी बाई नव्हे, एका उमरावाची विधवा. ती मैत्रिणीला फुलांवरची एक कविता म्हणून दाखवत होती आणि तिसऱ्या ओळीवर अडकली. सासूबाईंनी तिथून उचलली ती शेवटपर्यंत नेली. दुकानात टाचणी पडली तर ऐकू येईल. कोपऱ्यातल्या पाद्र्याने हॅट काढली. म्हातारी उठली, सासूबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्कोन, जॅमची बाटली आणि किटलीला घालायची लोकरीची टोपी असं सगळं पदरात घालून त्यांची ओटी भरली.

"पप्पा, दॅट डिडन्ट हॅपन," पोरगी म्हणाली. ती लहान होती तेव्हा. "आय वॉज देअर."

"तू केक खात होतीस," बायको म्हणाली. थापेला बायकोने टेकू दिला असा आमच्या संसारातला तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

सासूबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. पण ओटी भरण्याच्या जागी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

ती गोष्ट मग आमच्या घरात मुरली. मी कऱ्हाडला सांगितली, पुण्याला सांगितली, दुबईत सांगितली. दरवेळी पाद्री एक पायरी वर चढत बिशपपर्यंत गेला. आणि काही वर्षांनी एक अजब झालं. सासूबाई दिवाळीला आमच्याकडे आल्या होत्या, दुबईच्या ऊद मेथा भागात आम्हा मराठी मंडळींचा फराळ होता, आणि कुणीतरी त्यांना इंग्लंडबद्दल विचारलं. मी घसा साफ केला तोवर त्यांनी स्वतःच सुरुवात केली. शांतपणे, बिशपबिशप गाळून. "एक वयस्क बाई कविता म्हणत होत्या. त्यांना पुढचं आठवेना. मी सांगितलं." बायका टाळ्या वाजवत होत्या. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं नाही. तो आमच्या घरातला करार होता. त्या दुकानात काय झालं ते आम्हा तिघांना माहीत, आणि त्याचा उच्चार नाही. तेवढी एक खुर्ची आम्ही सासूबाईंना मिळवून दिली होती आणि ती कुणी काढून घेणार नव्हतं.

मग मी तो करार मोडला. खोर फक्कानच्या रस्त्यावर.

तिथल्या बंदरात एक कंटेनर आला होता, इंग्लंडहून, इंग्रजी पुस्तकांचा. छताला भोक, आत समुद्राचं पाणी. मी आणि अमेरिकन पाहणीला गेलो. दार उघडलं तर आतून असा वास आला की तो मी वर्णन करणार नाही, कारण वाढवायला जागाच नाही. पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली होती, उचलली की पानं हातात लापशीसारखी सुटत होती. आम्ही दोघं लहानपणापासून ज्या कपाटातून वाढलो ते कपाटच जणू बुडालं होतं. एरवी आम्ही अशा मालावर हमखास विनोद करतो. त्या दिवशी कुणी केला नाही.

परतीला डोंगरातले बोगदे लागले आणि अमेरिकन एकदम आईबद्दल बोलायला लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आई त्याला इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायची. तिला आयुष्यात एकदा इंग्लंडातली एक बाग बघायची होती. याने पहिल्या पगारातून तिचं तिकीट काढलं. त्याच वसंतात ती गेली. तिकीट अजून त्याच्याजवळ आहे. बोलता बोलता त्याने गॉगल लावला. बोगद्यात.

आता तुम्हीच सांगा, असं कुणी आपल्यासमोर काढून ठेवल्यावर आपण नळांची गोष्ट सांगायची का? मला वाटलं, याला परत द्यायचं तर तसंच काहीतरी द्यायला हवं. मी त्याला चहाचं दुकान सांगितलं, पूर्वी जेवणानंतर ऐकवलेलं नव्हे, खरं. उमरावाची विधवा नाही, बिशप नाही, ओटी नाही. कानटोपी काढणं, ते वाक्य, ती वळलेली मान. "व्हॉट डज शी वॉन्ट." आणि नंतरचे जोडलेले हात. बायकोशीसुद्धा मी ते कधी बोललो नव्हतो.

"हे फार खरं आहे," तो म्हणाला.

"कुणाला सांगू नकोस."

"खलास," तो म्हणाला आणि ओठांवर बोट ओढलं.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई पुन्हा आल्या. आणि त्याच सुमाराला अमेरिकनाने मला सांगितलं की आमच्याच टॉवर्सच्या तळाशी पुस्तकांचा जो कॅफे आहे तिथे त्याचा कार्यक्रम आहे. इंग्रजांची पुस्तकं, इंग्रजांचा प्रवास, इंग्रजांच्या तऱ्हा, एका अमेरिकनाच्या नजरेतून. हसवणूक. "फॅमिलीला आण," म्हणाला. "तुझ्या नळांना मी क्रेडिट देईन, इन्शाल्ला."

मला आनंदच झाला. सासूबाईंना म्हणालो, "आई, इंग्रजी पुस्तकांवर भाषण आहे. येता का?" त्यांनी मटकी भिजत घालायची सोडून साडी निवडली.

कॅफेत एका कॉफीचे पंचवीस दिरहम, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये, हे सासूबाईंनी मोठ्याने म्हटलं आणि पाण्यावर भागवलं. एसी असा की आत हिमालय. त्यांनी स्वेटर घातला. अमेरिकन भेटायला आला, तेव्हा मी ओळख करून दिली. सासूबाईंनी हात जोडले. त्यानेही जोडले, जरा जास्तच वाकून. त्या काही बोलल्या नाहीत, कारण परक्या माणसाशी इंग्रजी बोलणं त्यांनी इंग्लंडातच सोडलं होतं. आम्हाला पहिल्या रांगेत जागा मिळाली.

कार्यक्रम झकास चालला होता. समोर निम्मे लोक इंग्रज, आणि इंग्रजांचा हा गुण मान्य करायलाच हवा की स्वतःवरचा विनोद ते फी भरून ऐकतात. 'इंटरेस्टिंग' झालं, कॅनडा झाला, माझे नळ आले आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठून मान झुकवली. सासूबाईंना सगळं समजत होतं. स्कोनवर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी मनात म्हणालो, चला, बाईंचं इंग्लंड त्यांना परत मिळतंय.

मग तो म्हणाला, "एकदा मी एका लहान गावात चहाच्या दुकानात बसलो होतो."



त्याने सगळं घेतलं होतं. साडी, पांढरे बूट, कानटोपी. तो स्वतः कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता म्हणे आणि दार उघडून ही मूर्ती आत आली. त्याने कानटोपी काढण्याचा अभिनय केला. तो सावकाश केला, हसू येईपर्यंत. मग ते वाक्य म्हटलं, मान डोलवत, जीभ टाळ्याला चिकटवत. हशा फुटला. आणि मला कळलं की सासूबाईंना बोलताना त्याने ऐकलेलंच नाही. तो आवाज माझा होता. शेजारच्या टेबलावरून रोज ऐकलेलं माझं इंग्रजी त्याने सासूबाईंच्या तोंडात घातलं होतं.

"आणि ती म्हातारी," तो थांबला. किती वेळ थांबायचं हे त्याला उत्तम कळतं. "म्हणाली, व्हॉट डज शी वॉन्ट?"

सगळा कॅफे कोसळला. सर्वांत मोठ्याने इंग्रज हसले. संध्याकाळभर त्यांच्यावर चाललेलं हसू एकदाचं दुसऱ्या कुणावर गेलं होतं.

आता इथे माझी जीभ वळवळते. सासूबाई उठल्या, माइक हातात घेतला, आणि ती कविता पहिल्या ओळीपासून अशी म्हटली की त्या इंग्रजांनी कॉफीचे कप खाली ठेवले, हे मला फार छान सांगता येईल. बिशपही आणता येईल, दुबईत मिळतात. पण तसं झालं नाही. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. शेजारची एक मुलगी हसून हसून डोळे पुसत होती, तिला त्यांनी पर्समधून टिश्यू काढून दिला.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला विचारायची गरज नव्हती. ते वाक्य माहीत असलेली माणसं जगात तीन, आणि त्यातली दोन गप्प होती.

कार्यक्रम संपल्यावर अमेरिकन घामाघूम होऊन आमच्याकडे आला. "कसं झालं?" त्याने मला विचारलं. मग सासूबाईंच्या डोक्यावरून, त्यांच्या समोर, इंग्रजीतच, "त्यांना काही कळलं नसेल ना? जरा गोड करून समजावून सांग."

सासूबाई स्वेटरची बटणं लावत होत्या. शेवटचं लावून झाल्यावर त्या बोलल्या. इंग्रजीत, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तसा. "मला सगळं कळलं. आपण फार चांगलं बोलता. फक्त एक दुरुस्ती. त्या बाईंना कमी ऐकू येत होतं. त्यांच्या कानात यंत्र होतं. मी मोठ्याने बोलायला हवं होतं. चूक माझी होती."

अमेरिकनाचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू तर असं सांगितलं नव्हतंस."

झालं. उरलीसुरली शंकाही त्याने पुसून टाकली.

मी त्या म्हातारीपासून हातभर अंतरावर उभा राहून चहा प्यायलो होतो. तिचे केस पिना लावून मागे घेतलेले होते. दोन्ही कान उघडे होते, कानांत मोती होते, आणि यंत्र कुठेही नव्हतं. आयुष्यात कधी थाप न मारलेल्या बाईने त्या क्षणी, परक्या भाषेत, उभ्या उभ्या एक थाप रचली होती. मी या विषयातला जाणकार आहे म्हणून सांगतो, तिच्यात सुधारायला एक जागा नव्हती. इंग्रज बाईचा अपमान नाही, स्वतःचा नाही, आणि समोरच्याला पुढे बोलायला तोंड नाही. मला अभिमान वाटला असता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

दुबईत त्या नेहमी माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बसतात, इमारतींच्या पाट्या मोठ्याने वाचत. त्या दिवशी त्या मागे बसल्या. शेख झायेद रोड लागल्यावर मागून त्यांचा आवाज आला.

"त्याला तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"इंग्रजीत?"

"हो."

"आणि त्याला कळलं."

मी आरशात बघितलं. त्या बाहेर बघत होत्या.

"बरंय," त्या म्हणाल्या. "घरात एकाचं तरी इंग्रजी साहेबलोकांना कळतं."

बायकोने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

अमेरिकनाला मी पुढच्या फेरीत धरला. या खेपेला माल टोमॅटो पेस्टचा होता, त्यामुळे दुःख करण्याचं दुसरं काही कारण नव्हतं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "तुला सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस."

"नाव कुठे घेतलं?" तो म्हणाला. खरंच चकित झाला होता. "आणि त्या इंग्लिश बोलतात हे मला काय माहीत? त्यांचं इंग्लिश कळत नाही, हाच तर तुझ्या गोष्टीचा पॉइंट होता."

"तुला एवढ्या गोष्टी सांगितल्या, नळांसारखी दुसरी एखादी चालली नसती का?"

"नळ ठीक आहेत. पण बाकीचं सगळं..." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोस्तासारखाच. "राग मानू नकोस. उमराव, बिशप, उंट, कुणाचा विश्वास बसणार? तुझ्याकडे चांगली गोष्ट तेवढी एकच होती."

मी गाडी सुरू केली.  मी हातचं राखून न ठेवता ज्या गोष्टी वर्षानुवर्षं घडवल्या, त्या याने भंगारात काढल्या होत्या, आणि जी मी घडवलीच नव्हती ती उचलली होती. बोगद्यात शिरता शिरता, विषय बदलावा म्हणून असेल, तो म्हणाला, "डिसेंबरात आई येतेय. क्रूझने. तुला भेटायचंय तिला."

"कुठली आई?"

"मला एकच आहे."

"ती वारली ना? तिकीट काढलंस त्या वसंतात?"

त्याने गॉगल काढला. मग हसला. "हां," म्हणाला. "ती गोष्ट."

मी जुना थापाड्या. मला ती आई लांबूनच ओळखता यायला हवी होती. बाग, पहिला पगार, न वापरलेलं तिकीट, इतकं सगळं नेटकं खऱ्यात कधी येत नाही. पण भिजलेल्या पुस्तकांच्या वासाने माझं डोकं चालेनासं झालं होतं. त्याने मला माझ्याच दुकानातला माल विकला आणि मी त्याच्या हातावर सासूबाई ठेवल्या. अजून आम्ही शेजारी बसतो. नुकसानीचे आकडे बोलतो. जेवणानंतर मी आता खाली जाऊन एकटा चालतो.

सासूबाई परत जायच्या आदल्या दिवशी मुलगी कॉलेजमधून आली. तिला त्या कार्यक्रमाची क्लिप कुणीतरी पाठवली होती. ती आता मोठी झालीय, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. फोन हातात धरून ती आजीसमोर उभी राहिली. तिने मला विचारलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"आजी, इज धिस अबाउट यू? दॅट ओल्ड वुमन वॉज सो मीन."

"मीन नव्हती गं," सासूबाई म्हणाल्या. त्या कपड्यांच्या घड्या बॅगेत बसवत होत्या. "तिला ऐकू येत नव्हतं. कानात यंत्र होतं बिचारीच्या."

पोरीने माझ्याकडे बघितलं. त्या दुकानात मी होतो हे तिला माहीत होतं. माझ्याबद्दल तिचं काय मत आहे हेही मला माहीत होतं. "पप्पा, इज दॅट ट्रू?"

"दोन्ही कानांत यंत्रं होती," मी म्हणालो. "मी जवळून पाहिली. आणि शिट्टी वाजायची त्यांतून."

सासूबाईंनी एक साडी बॅगेतून पुन्हा बाहेर काढली, झटकली, आणि पुन्हा घडी घातली.

"एकाच कानात," त्या म्हणाल्या. "आणि शिट्टीबिट्टी काही नव्हती."

मी मान हलवली. "एकाच कानात," मी पोरीला म्हणालो.